अप्पासाहेब घर मागतात ते कुणाकडे? मराठी अभ्यासमंडळास खुले पत्र

आमच्या विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळातील सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

या पत्रातला मजकूर मी आधी तुम्हाला दोनदा पाठवला आहे, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून आता सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे. विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. ज्यांनी वाचायला हवे ते ओळखतील, आणि इतर विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांना कदाचित आपल्याकडचाच अभ्यासक्रम आठवेल.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. टी.वाय.बी.ए.च्या पाचव्या सेमिस्टरला माध्यमांतराचा, म्हणजे एका माध्यमातली कलाकृती दुसऱ्या माध्यमात कशी जाते याचा, पेपर आहे. त्यात वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी केलेला, १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट असे दोन्ही शिकवायचे, असे पहिल्या वर्षी ठरले होते. निवड उत्तम होती. तेव्हा मी तुमचे अभिनंदन करणारे पत्रही लिहिले होते. गेल्या वर्षीच्या सुधारणेत मात्र नाटकाची संहिता मुख्य यादीतून काढून संदर्भग्रंथांत टाकली गेली. परीक्षेला राहिला तो चित्रपट आणि त्यावरचा पंधरा गुणांचा ठरलेला प्रश्न: ‘मूळ नाटक व चित्रपट यांतील फरक स्पष्ट करून चित्रपटाचे मूल्यमापन करा.’ त्यासोबत आले तुमचे नमुना उत्तर.

माझी तक्रार मुख्यतः या तिन्हींबद्दल आहे. पण आधी मी हे का लिहिते आहे ते सांगते.

माझे वडील पोस्टात होते आणि आमच्या गावच्या हौशी नाटक मंडळींचे प्रॉम्प्टर होते, नट अडला की आडून वाक्य सांगणारे. विंगेत एका लोखंडी स्टुलावर बसायचे. उजेड बाहेर फाकू नये म्हणून टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावलेला असायचा. गावातल्या एका शाळामास्तरांनी ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर केले, सगळे मुलांना वाटून टाकून बेघर झालेला म्हातारा नट, तेव्हा मी दहा वर्षांची होते. तालमी आमच्याच ओसरीवर झाल्या, त्यामुळे प्रयोगाआधीच निम्मे नाटक मला पाठ होते. वडिलांची ती प्रॉम्प्टिंगची प्रत आज माझ्याकडे आहे. पुठ्ठा निघालेला, पाने पिवळी, कडेला पेन्सिलीच्या खुणा. कुठे ‘थांब’, कुठे ‘टाळी येईल, घाई नको’. आणि घर मागण्याचे जे स्वगत महाराष्ट्रात न ऐकलेला माणूस सापडायचा नाही, त्याच्या शेजारी दोनच शब्द: ‘लोकांकडे बघून’.

ही प्रत घेऊन मी एकोणीस वर्षे तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मराठी शिकवते आहे. ते दोन शब्द मी शेकडो वेळा पाहिले असतील. नटाला दिलेली सूचना, इतकाच त्यांचा अर्थ मी धरला होता. त्यांचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेने सांगितला.

ती मुलगी माझ्या वर्गातली. कॉलेजच्या लायब्ररीत ‘नटसम्राट’च्या दोनच प्रती आहेत, म्हणून आम्ही वर्गात नाटक मोठ्याने वाचले. चार दिवस लागले. अप्पासाहेबांची बायको कावेरी तिने वाचली. नंतर पूर्ण चित्रपट दाखवला. निकाल लागला तेव्हा या पेपरात ती काठावर होती. तिने उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली आणि माझ्याकडे घेऊन आली. पंधरा गुणांच्या त्या प्रश्नाला चार गुण होते. तिच्या परवानगीने तिच्या उत्तरातल्या ओळी इथे देते:

‘नाटकाच्या सुरुवातीला अप्पासाहेबांचा सत्कार असतो आणि ते भाषण करतात. तेव्हा आपण प्रेक्षक नसतो, सत्काराला आलेले लोक असतो. आपण टाळ्या वाजवतो. नंतर ते घर मागतात तेव्हा समोर तेच लोक असतात, म्हणजे आपण. म्हणून ते आपल्याकडेच मागतात. चित्रपटात सत्काराला आलेले लोक पडद्यावर असतात. त्यामुळे आपण सुटतो.’

आपण सुटतो! सदस्यहो, मी ‘नटसम्राट’वर पुष्कळ वाचले आहे, चर्चासत्रांत बसले आहे, स्वतः दोन निबंध लिहिले आहेत. या नाटकाच्या रचनेबद्दल इतके नेमके वाक्य मला आठवत नाही. घरी जाऊन मी वडिलांची प्रत उघडली. ‘लोकांकडे बघून.’ गावाकडच्या एका प्रॉम्प्टरला जे विंगेतून कळले होते, ते या मुलीला वाचनातून कळले. पडदा उघडताच शिरवाडकर आपल्याला मायबाप प्रेक्षक करून टाकतात, आपल्याकडून टाळ्या वसूल करतात, आणि नाटक पुढे गेल्यावर त्याच अंधारात बसलेल्या आपल्यासमोर त्या माणसाला झोळी पसरायला लावतात. रंगमंच आणि खुर्च्या यांच्यात भिंत नसते, म्हणून हे घडू शकते.

तिचे उत्तर तिथेच संपत नाही. पुढे ती लिहिते की चित्रपटाने या बदल्यात काहीतरी दिलेही आहे. कावेरीबाई न बोलता काय काय गिळतात ते कॅमेरा जवळ जाऊन दाखवतो. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते दिसणे शक्य नाही. म्हणजे काय गेले आणि काय आले, याचा हिशेब तिने मांडला होता. मूल्यमापन म्हणतात ते हेच.

चार गुण. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. ‘बदल नाही’ असा शेरा आला.

तपासणाऱ्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर, दिवसाला किती गठ्ठे उपसावे लागतात ते मला माहीत आहे, आणि समोर तुमचे नमुना उत्तर असते. मीही त्याच सेंटरवर, त्याच नमुना उत्तराने पेपर तपासले आहेत. चौकटीबाहेरच्या उत्तरांना मीही हात आखडून गुण दिले आहेत. ते मला आज बोचते, आणि या पत्रामागे ती बोचही आहे.

आता तक्रारी.

पहिली, संहिता काढण्याबद्दल. कारण दिले गेले की मुलांना नाटकाची भाषा जड जाते आणि चित्रपटात ‘सगळे येतेच’. सगळे येत नाही, हे त्या मुलीने एका परिच्छेदात दाखवले. आणि भाषा जड आहे ती कारणाने. अप्पासाहेब बोलतात तसे त्यांच्या घरातले कुणीच बोलत नाही. उभे आयुष्य दुसऱ्यांची वाक्ये बोलण्यात गेलेल्या माणसाला स्वतःचे दुःखही नाटकाच्याच भाषेत सापडते. हीच त्याची श्रीमंती आणि हीच त्याची अडचण. हे कळायला ते वाक्य तोंडात घ्यावे लागते, श्वास कुठे संपतो ते पाहावे लागते. आमच्या वर्गात एसटीतल्या वाहकाच्या मुलीने आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातल्या मुलाने ती वाक्ये घेतली. पहिल्या दिवशी अडखळले, तिसऱ्या दिवशी वर्ग गप्प झाला होता. भाषा जड जाते हे तुम्हाला कुणी सांगितले ते मला माहीत नाही, माझ्या मुलांनी सांगितलेले नाही.

आणखी एक. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात धी गोवा हिंदू असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, अप्पासाहेब डॉ. श्रीराम लागू, कावेरी शांता जोग. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका केली आणि प्रत्येकाचे बेलवलकर वेगळे होते. शिवाय गावोगावच्या हौशी मंचांवरचे बेलवलकर, आमच्या शाळामास्तरांसारखे. ते किती असतील, देव जाणे. नाटक म्हणजे अशी पुन्हा पुन्हा उभी राहणारी गोष्ट. चित्रपटात नाना पाटेकरांचे एकच बेलवलकर कायमचे कोरले गेले आहेत. संहिता हातातून काढून घेतलीत तर मुलांना वाटेल की बेलवलकर म्हणजे तेच, दुसरे असूच शकत नाहीत. यात नानांचा दोष नाही. त्यांच्या कामाची थोरवीसुद्धा दुसरे शक्य बेलवलकर डोळ्यांपुढे असले तरच मोजता येते.

दुसरी तक्रार प्रश्नाबद्दल, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘फरक स्पष्ट करून मूल्यमापन करा’ या वाक्यात एक गृहीतक दडले आहे. मुळाच्या जितके जवळ तितके चांगले आणि जितका फरक तितका दोष, असे ते गृहीतक. नमुना उत्तराने तर ते उघडच करून टाकले आहे. ही फूटपट्टी घेतली तर सर्वांत आधी नापास होईल ते स्वतः ‘नटसम्राट’.

कारण ‘नटसम्राट’ हेच मुळी एक माध्यमांतर, एक देशांतर आहे. त्याच्या मागे शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’, मुलींना राज्य वाटून बेघर झालेला म्हातारा राजा, उभा आहे, हे आपण सगळे वर्गात सांगतो. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून ‘राजमुकुट’ केले, ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. लिअर मात्र त्यांनी तसा आणला नाही. राजाचा त्यांनी नट केला. राज्याचे घर आणि आयुष्यभराची पुंजी झाली. तीन मुलींच्या जागी एक मुलगा आणि एक मुलगी आली. बापावर निरपेक्ष माया करणारी धाकटी कॉर्डेलिया गेली आणि तिची जागा बऱ्याच अंशी बायकोने घेतली. लिअरला बायको दिसतच नाही, अप्पासाहेबांना मात्र ‘सरकार’ आहेत. उघड्या माळावर लिअर ज्या वादळात सापडतो ते वादळ शिरवाडकरांनी बाहेर ठेवलेच नाही, त्यांनी माणसालाच तुफान केले. आता या सगळ्याची दोन रकाने आखून यादी केली आणि प्रत्येक फरकाला एक गुण कापला, तर १९७४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या नाटकाचे काय होईल?

मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागावे याचे मला वाईट वाटते. आपली अर्धी रंगभूमी अशा रूपांतरांवर वाढली आहे. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. नावे मराठी, घरे मराठी, रीतीभाती मराठी. त्यांना कुणी फरकांची यादी मागितली नाही. प्रयोग उभा राहतो का, हे पाहिले.

पडद्यावरही तेच. अकिरा कुरोसावांच्या १९५७ च्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये मॅकबेथची मूळ इंग्रजी ओळ एकही नाही. गोष्ट जपानी किल्ल्यात घडते आणि अभिनयावर ‘नो’ या पारंपरिक जपानी नाट्याची छाप आहे. तरीही तो मॅकबेथ आहे, कारण हाव आणि भीती एकमेकींना कशी पोसतात ते त्यात दिसते. १९८५ च्या ‘रान’मध्ये त्यांनी लिअरच्या मुलींचे मुलगे केले आणि म्हाताऱ्याला रक्ताने माखलेला भूतकाळ दिला. शेक्सपिअर लिअरच्या भूतकाळाबद्दल फारसे बोलत नाही, कुरोसावा बोलले, आणि शोकांतिका आणखी खोल गेली. आपल्याकडे विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’मध्ये मॅकबेथमधल्या चेटकिणींचे दोन पोलीस झाले. ‘हैदर’मध्ये तर त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे एक उत्तरच आहे. हॅम्लेटचे स्वगत चित्रपटात बोलायचे कुणासमोर? तिथे तर प्रेक्षागृह नाही. मग दिग्दर्शकाने नायकाला भर चौकात उभे केले, गळ्यात फासाचा दोर घातला, तो दोर माईकसारखा हातात दिला आणि भोवती काश्मिरी माणसांची गर्दी ठेवली. असण्या-नसण्याचा प्रश्न एका माणसाचा न राहता त्या गर्दीचा झाला. नाटकातली सोय पडद्यावर चालत नाही हे ओळखून दुसरी वाट काढली. माझ्या मते रूपांतराची खरी परीक्षा अशा जागी होते. असा प्रश्न विचारा ना मुलांना! ‘स्वगताचे चित्रपटाने काय केले?’ हा एकच प्रश्न पंधरा गुणांना पुरून उरेल.

फरक कधीच दोष नसतो असे मी म्हणत नाही. नेहम टेट नावाच्या कवीने १६८१ साली लिअरचा शेवट गोड केला. राजा जगला, कॉर्डेलियाचे लग्न लागले, आणि पुढची सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर तीच आवृत्ती चालली. तो एकच बदल शोकांतिकेचा जीव घेणारा होता. कुरोसावांचे शंभर बदल तसे नव्हते. म्हणून बदल मोजून भागत नाही, तो गाठीवर पडला की काठावर ते पाहावे लागते.

तिसरी तक्रार नमुना उत्तराबद्दल. त्यातला एक मुद्दा असा: ‘रामभाऊ हे मूळ नाटकात नसलेले पात्र घालून कथानक भरकटवले आहे.’ विक्रम गोखले यांनी केलेला हा रामभाऊ, अप्पांचा जुना नटमित्र. इस्पितळात तो खाटेवर पडलेला असताना दोघे कर्ण आणि कृष्णाचा प्रवेश करतात. या प्रसंगाबद्दल मला दोन शब्द जास्त लिहू द्या.

‘लिअर’मध्ये एकच म्हातारा नाही. ग्लॉस्टर हा दुसरा म्हातारा आहे, मुलाकडून फसलेला, डोळे गमावलेला. दोन दुःखे शेजारी ठेवली म्हणून लिअरचे दुःख एका राजाच्या घरगुती भांडणापुरते राहत नाही. शिरवाडकरांनी ग्लॉस्टर घेतला नाही, त्यांचे नाटक एकाच माणसावर एकाग्र केले. चित्रपटाने दुसरा म्हातारा परत आणला. पटकथा लिहिताना कुणाच्या मनात ग्लॉस्टर होता की नव्हता हे मला ठाऊक नाही, पण जागा तीच भरली गेली. आणि काय भरली गेली! अप्पांचे नटपण घरात कुणालाच कळत नाही, ते कळणारा एकच माणूस आता मरणाच्या दारात आहे. रंगमंच नाही, मेकअप नाही, प्रेक्षक नाहीत. इस्पितळाची खाट आहे, आणि दोन म्हातारे एकमेकांना संवाद देत आहेत. समोरचा नट वाक्य टाकतो आणि आपण ते झेलतो, यात काय सुख असते ते ज्यांनी एकदा तरी तोंडाला रंग लावला आहे त्यांना विचारा. माझ्या वडिलांनी हा चित्रपट थिएटरात पाहिला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. तो प्रवेश सुरू झाला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. प्रॉम्प्टरची सवय.

पुढे २०२३ साली तेलुगूत कृष्ण वंशी यांनी ‘रंगमार्तांड’ केला तेव्हा त्यातही तो मित्र राहिला, ब्रह्मानंदम यांनी केला. चित्रपटाने घातलेली भर आता त्या गोष्टीचाच भाग झाली आहे. आणि आपल्या नमुना उत्तरात ती ‘भरकटवले’ या एका शब्दात निकालात निघते.

त्याच उत्तरातला दुसरा मुद्दा: ‘चित्रपट पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते, म्हणून तो यशस्वी आहे.’ डोळ्यांत पाणी माझ्याही आले. पण रडवणारी गोष्ट आणि शोकांतिका यांतला फरक शिकवणे हेच तर आपले काम आहे. मुले वाईट, बाप बिचारा, एवढेच असेल तर ती रडवणारी गोष्ट झाली. अप्पासाहेबांनी सगळे आपल्या हाताने वाटून टाकले. स्वतःच्या औदार्याची धुंदी होती त्यात. उरलेले आयुष्यही एखाद्या भूमिकेसारखे टाळ्यांत जाईल असे त्यांना वाटले. त्यांची जीभ, त्यांचा ताठा, दुसऱ्याच्या घरात जरा आवरून राहणे न जमणे, हे सगळे त्यांचे आहे. सुनेच्या बाजूनेही त्या घराकडे बघता येते, आणि मुलींना वर्गात तसे बघायला सांगितले तर चर्चा तासभर थांबत नाही. तो माणूस चुकतो आणि त्याच्या चुकीच्या मानाने शिक्षा कितीतरी मोठी मिळते, म्हणून आपण हादरतो.

या कसोटीवर मला चित्रपटाबद्दल बोलायचे आहे, कारण मीही निवाडा टाळू नये. काही जागी हा चित्रपट शोकांतिकेवरून घसरतो आणि रडवण्याकडे झुकतो असे मला वाटते. पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकते की आता रडायचे आहे, तिथे माझे मन मागे सरते. पण नाना पाटेकर जिथे आवाज खाली आणतात, अपमान ऐकून घेतात आणि उत्तर देत नाहीत, तिथे कॅमेऱ्याने असे काही टिपले आहे जे कुठल्याही नाट्यगृहाच्या बाल्कनीतून दिसले नसते. मेधा मांजरेकरांची कावेरी पाहून मला नाटकातल्या कावेरीच्या किती ओळी मुळात गरजेच्याच नव्हत्या असा प्रश्न पडला. आणि घराच्या स्वगतात चित्रपटाने त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर शोधायला हवे होते, ते त्याला सापडले नाही. वाक्ये आली, आवाज आला, ज्यांच्याकडे मागायचे ते लोक आले नाहीत. हे माझे मत आहे. ते चुकीचे असेल. विद्यार्थ्याने याच्या बरोबर उलट लिहावे, कारणे द्यावीत आणि पूर्ण गुण घ्यावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

चौथी तक्रार छोटी आहे. संहिता काढल्यावर चित्रपट तरी नीट दाखवला जाईल असे वाटले होते. बहुतेक कॉलेजांत प्रोजेक्टरची बोंब आहे, तासिका कमी आहेत, म्हणून मुले मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाहतात. स्वगत पाहतात, कर्ण-कृष्ण पाहतात, संपले. गाईडमध्ये बारा फरक दिलेले आहेत, ते पाठ करतात. तुमच्या प्रश्नाला तेवढे पुरतेही. ना नाटक वाचले, ना चित्रपट पाहिला, आणि गुण तेरा. ही अतिशयोक्ती नाही, मी स्वतः तसे तेरा दिले आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना फार खर्च नाही.

‘नटसम्राट’ची संहिता पुन्हा मुख्य अभ्यासग्रंथ करावी, आणि प्रत्येक संलग्न कॉलेजच्या लायब्ररीत किमान दहा प्रती घेण्याचे परिपत्रक काढावे. दोन प्रतींवर वर्ग चालत नाही.

‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न बंद करावा. त्याऐवजी एखादाच प्रसंग द्यावा, त्याची संहितेतली एक-दीड पृष्ठे प्रश्नपत्रिकेत छापावीत, आणि पडद्यावर त्याचे काय झाले, का झाले, त्याने काय मिळाले आणि काय हरवले हे विचारावे.

सध्याचे नमुना उत्तर मागे घ्यावे. नवे करायचे असेल तर त्यात मुद्दे न देता निकष द्यावेत, आणि वेगळे पण सकारण उत्तर आले तर पूर्ण गुण देण्याचा अधिकार परीक्षकाला स्पष्ट शब्दांत लिहून द्यावा. मॉडरेटरलाही तीच सूचना जावी.

इंटर्नलच्या गुणांत नाटकाचे वर्गातले प्रकट वाचन आणि पूर्ण चित्रपटाचे एकत्र प्रदर्शन सक्तीचे करावे. माझ्या अनुभवाप्रमाणे वाचनाला चार तासिका लागतात.

गेल्या परीक्षेत या प्रश्नाला पाचापेक्षा कमी गुण मिळालेल्यांपैकी ज्यांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला होता, त्यांच्या उत्तरपत्रिका नव्या निकषांनी पुन्हा पाहाव्यात. अशा उत्तरपत्रिका फार नसतील. त्यांतली एक मी तुम्हाला दाखवली आहे. ती मुलगी सध्या एका पतपेढीत काम करते. एम.ए.ला प्रवेश घ्यायचा होता, गुणांमुळे यादीत नाव लागले नाही.

आणि कृपया या पत्राचे उत्तर द्या. नकार असेल तर नकार कळवा, कारणासह.

येत्या १८ तारखेपासून चार दिवस आमच्या कॉलेजात या वर्षीच्या वर्गाचे ‘नटसम्राट’चे वाचन आहे, सकाळी साडेदहाला, लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये. तिसऱ्या दिवशी घराचे स्वगत येईल. एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांचा रस्ता आहे. मंडळातल्या कुणाला यायचे असेल तर आदल्या दिवशी कळवले तरी चालेल. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवते, म्हणजे वाचणाऱ्या मुलाला तुमच्याकडे बघून वाचता येईल.

आपली नम्र,
मराठीची एक प्राध्यापिका